फ्रिजच्या दारावरचे आठवडी नियोजन-पॅड : एक परीक्षण

आठवडाभराच्या जेवणांचा विचार आधीच करून वेळ आणि वाणसामानाचा खर्च वाचवू इच्छिणाऱ्यांसाठी जी साधने बाजारात मिळतात, त्यांतील सर्वांत साधे साधन म्हणजे फाडता येणाऱ्या पानांचे नियोजन-पॅड. पाठीमागे चुंबकाच्या पट्ट्या असल्यामुळे ते फ्रिजच्या दारावर चिकटते. पाने बहुधा बावन्न, म्हणजे वर्षातील प्रत्येक आठवड्याला एक. पानाच्या डाव्या बाजूला सोमवार ते रविवार असे सात आडवे कप्पे आणि उजव्या बाजूला खरेदीच्या यादीची एक उभी पट्टी, जी छिद्रांच्या रेघेवरून फाडून सोबत नेता येते. अनेक उत्पादक हे पॅड थोड्याफार फरकाने काढतात आणि रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते, त्यामुळे येथे परीक्षण आहे ते त्या रचनेचे. एखाद्या विशिष्ट छापाचे नाही. बऱ्याच वापरानंतरचे माझे मत असे की उजवी पट्टी पॅडचे पैसे वसूल करून देते, डावी बाजू मात्र नियोजनाला चुकीच्या टोकापासून सुरुवात करायला लावते, आणि वापरणाऱ्याने तो क्रम स्वतः उलटा केला नाही तर काही आठवड्यांत पॅड केवळ शोभेपुरते उरते.

आधी उजव्या पट्टीविषयी. घरातली एखादी वस्तू संपत आल्याचे माणसाला खरेदीला निघताना कळत नाही, तर स्वयंपाक करता करता, डब्याच्या तळाशी चमचा लागतो तेव्हा कळते. आणि त्या क्षणी हाताशी लिहायला जागा नसेल तर ती वस्तू हमखास विसरली जाते. फ्रिजच्या दारावर, ओट्यापासून दोन पावलांवर असलेली पट्टी ही अडचण पूर्णपणे सोडवते, कारण नोंद करण्यासाठी ओले हात पुसून फोन उघडावा लागत नाही आणि घरातील कोणालाही, अगदी लिहू लागलेल्या मुलालाही, ती नोंद करता येते. विसरलेल्या एका वस्तूसाठी आठवड्याच्या मध्येच पुन्हा दुकानात जावे लागले की त्या एका वस्तूबरोबर यादीत नसलेल्या तीन-चार वस्तू घरी येतात, हा अनुभव बहुतेकांना असेल. म्हणून यादी पुरी असणे ही काटकसरीची पहिली अट आहे.

या पट्टीत एक उणीव आहे आणि ती लहान नाही. बहुतेक पॅडांत तिथे नुसत्या ओळी आखलेल्या असतात आणि ओळीच्या सुरुवातीला खूण करण्यासाठी एक चौकट असते. परिमाण लिहिण्यासाठी वेगळा रकाना नसतो. परिणाम असा की यादीत ‘टोमॅटो’ असे लिहिले जाते, दुकानात गेल्यावर किती घ्यायचे याचा निर्णय अंदाजाने होतो, आणि अंदाज नेहमी जास्तीच्या बाजूला झुकतो, कारण कमी पडण्याची भीती उरण्याच्या भीतीपेक्षा मोठी असते. पट्टीच्या उजव्या कडेला पेन्सिलीने एक उभी रेघ ओढून तिथे परिमाण लिहिण्याची सवय लावली तर या पॅडचा उपयोग दुपटीने वाढतो, असे मी निःसंकोच म्हणेन. काही पॅडांत ही पट्टी भाज्या-फळे, दूधदुभते, धान्ये व कडधान्ये, गोठवलेले पदार्थ आणि इतर अशा भागांत विभागलेली असते. ती मला अधिक पसंत आहे, कारण यादी दुकानातील मांडणीप्रमाणे लिहिली गेली की एकाच रांगेत दोनदा जावे लागत नाही, आणि थंड व गोठवलेल्या वस्तू आपोआप शेवटी घेतल्या जाऊन घरी पोहोचेपर्यंतचा त्यांचा उबेतील वेळ कमी होतो. अडचण एवढीच की छापलेले भाग सगळ्यांना सारखी जागा देतात, आणि प्रत्यक्षात भाज्यांचा भाग दुसऱ्याच दिवशी भरतो तर गोठवलेल्या पदार्थांचा कोराच राहतो.

आता डाव्या बाजूकडे वळू, कारण पॅडच्या मूळ कल्पनेतील दोष तिथे आहे. सात दिवसांचे सात रिकामे कप्पे समोर आले की मनात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे काय खावेसे वाटते. मग पदार्थ ठरतात, पदार्थांवरून जिन्नस ठरतात, जिन्नसांवरून यादी होते, आणि ती यादी घेऊन आपण बाजारात जातो. या सगळ्या साखळीत फ्रिजच्या दाराच्या आत काय पडले आहे याचा विचार कुठेही येत नाही, जरी पॅड त्याच दारावर लटकलेले असले तरी. अर्धा कोबी, सोललेले चार गाजर, परवाच्या शिजवलेल्या डाळीचा डबा आणि मुदत संपत आलेले दही यांना कोणत्याही कप्प्यात जागा मिळत नाही, आणि आठवड्याच्या अखेरीस ते कचऱ्यात जाते. अशा रीतीने केलेले नियोजन वेळ वाचवते हे खरे, कारण रोज संध्याकाळी काय करायचे हा प्रश्न सुटतो. पण पैसा वाचवत नाही, उलट कधी कधी खर्च वाढवते.

यावर उपाय सोपा आहे आणि पॅडने तो छापूनच द्यायला हवा होता : पानाच्या माथ्यावर ‘घरात काय आहे’ असा एक आडवा रकाना. तिथे आधी नाशवंत वस्तू, मग उरलेले शिजवलेले अन्न, मग फ्रीझरमधले आणि शेवटी फडताळातले उघडे पुडे लिहावेत. त्यांतून जेवढे कप्पे भरतील तेवढे भरावेत. आणि मग उरलेल्या कप्प्यांसाठी लागणारेच जिन्नस यादीत घालावेत. हा रकाना छापलेला असलेले पॅड क्वचितच पाहायला मिळते, आणि मिळाले तर कागद थोडा हलका असला तरी तेच घ्यावे. नसेल तर रविवारचा कप्पा या कामासाठी राखून ठेवता येतो, कारण अनुभवाने असे दिसते की सातव्या दिवसापर्यंत मूळ योजना तशीही टिकत नाही.

कप्पे भरण्याचा क्रमही वारांप्रमाणे न ठरवता वस्तूंच्या टिकाऊपणाप्रमाणे ठरवावा लागतो, आणि याबाबत पॅड काहीच मार्गदर्शन करत नाही. खरेदीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या, अळंबी आणि ताजे मासे वापरून टाकावेत. त्यानंतर टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, फुलकोबी. आठवड्याच्या उत्तरार्धात कोबी, गाजर, बीट, भोपळा. आणि शेवटच्या दिवशी बटाटे, कांदे, अंडी व कडधान्ये, ज्यांना घाई नसते. हा क्रम पाळला तर आठवड्यातून एकदाच खरेदी करूनही ताजे खाता येते. साठवणुकीची एक बाब इथेच सांगितली पाहिजे, कारण ती पाळली नाही तर उत्तम योजनाही फसते : केळी, सफरचंद आणि पिकलेले टोमॅटो इथिलीन हा वायू सोडतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी ठेवलेल्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. कांदे आणि बटाटेही एकाच टोपलीत न ठेवता वेगळे ठेवावेत. अशी चार वाक्ये पॅडच्या पाठीच्या पुठ्ठ्यावर छापायला उत्पादकांना काहीच खर्च आला नसता. तिथे सध्या फुलापानांची नक्षी असते.

कप्प्यांच्या संख्येविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. काही महागडी पॅड दर दिवसाला न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण आणि मधल्या वेळचे खाणे असे चार कप्पे देतात, म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस. पाहताना हे भरघोस वाटते, पण इतके कप्पे भरायला बसणे हेच एक काम होऊन बसते आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस कंटाळतो. माणसे आपल्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतात, अगदी पूर्वीचा अनुभव वेगळा असला तरीही, ही प्रवृत्ती डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडली होती, आणि स्वयंपाकाच्या योजनेइतका तिचा स्पष्ट नमुना घरात दुसरा सापडणार नाही. सोमवारी उत्साहाने लिहिलेला गुरुवारचा बेत गुरुवारच्या थकव्याचा हिशेब करत नाही. म्हणून दिवसाला एकच कप्पा असलेले पॅड घ्यावे, त्यात दिवसाचे मुख्य जेवण तेवढे लिहावे, आणि सातपैकी दोन कप्पे मुद्दाम कोरे ठेवावेत : एक उरलेले अन्न संपवण्यासाठी, आणि दुसरा अचानक आलेल्या पाहुण्यासाठी, बाहेरच्या जेवणासाठी किंवा निव्वळ आळसासाठी. न्याहारी बहुतेक घरांत दोन-तीन प्रकारांतच फिरत असते. तिच्यासाठी जिन्नसांचा कायम साठा पुरतो, योजनेची गरज नसते.

एकदाच जास्त शिजवून ते दोन-तीन जेवणांत वापरणे हा वेळ वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण भाज्या निवडणे, चिरणे आणि भांडी घासणे यांचा वेळ प्रमाण दुप्पट केल्याने दुप्पट होत नाही. कोरड्या कडधान्याचे एक माप शिजल्यावर साधारण अडीच ते तीन मापे होते, त्यामुळे एकदा भिजवून शिजवलेले कडधान्य एका जेवणात रश्श्यात, दुसऱ्यात भाताबरोबर आणि तिसऱ्यात कोशिंबिरीत वापरता येते. मात्र अशा स्वयंपाकाची पूर्वतयारी आदल्या रात्री करावी लागते आणि पॅडमध्ये तिच्यासाठी जागाच नाही. मंगळवारच्या कप्प्यात राजमा लिहिलेला असतो, पण तो सोमवारी रात्री भिजत घालायचा हे मंगळवारी दुपारी लक्षात येते. राजम्याच्या बाबतीत तर घाईचा मार्गही उपलब्ध नसतो, कारण लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हा विषारी घटक असतो आणि तो नष्ट होण्यासाठी राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळावा लागतो. मंद आचेवर अर्धवट शिजवणे धोक्याचे असते. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी ‘उद्यासाठी’ अशी एक बारीक ओळ असती, तर भिजत घालणे, फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवणे, विरजण लावणे ही कामे तिथे बसली असती.

जास्तीचे शिजवताना किती दिवस ठेवायचे हेही योजनेतच ठरले पाहिजे, कारण पैसा वाचवण्याच्या नादात आजारपण विकत घेण्यात अर्थ नाही. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये आणि नाशवंत अन्न शक्यतो ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. फ्रिजमध्ये ठेवलेले बहुतेक शिजवलेले पदार्थ तीन ते चार दिवसांत संपवावेत असा सर्वसाधारण नियम आहे. भात त्याहून लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवशीच, कारण बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात आणि भात उबदार राहिला तर वाढून त्यांचे विष तयार होते, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. याचा सरळ अर्थ असा की रविवारी संपूर्ण आठवड्याचे जेवण शिजवून डबे भरून ठेवण्याची जी पद्धत सध्या लोकप्रिय आहे, ती फक्त फ्रिजच्या भरवशावर करता येत नाही : बुधवारपर्यंतचे फ्रिजमध्ये आणि त्यापुढचे उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये, असाच हिशेब धरावा लागतो. गोठवायचा रसदार पदार्थ डब्यात काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगते. डब्यावर नाव आणि तारीख लिहिणे हे इतके क्षुल्लक काम आहे की ते कोणी करत नाही, आणि मग फ्रीझरमध्ये ओळख हरवलेल्या डब्यांची वस्ती वाढत जाते. वापरून झालेल्या यादीच्या पट्टीची कोरी पाठ या चिठ्ठ्यांसाठी चांगली उपयोगी पडते. चिकटपट्टी मात्र डबा थंड आणि ओला होण्यापूर्वी लावावी.

या पॅडच्या वेष्टनांवर वाणखर्चात अमुक टक्के बचत होते असे दावे असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे, कारण बचत आधीच्या उधळपट्टीवर अवलंबून असते आणि ती प्रत्येक घरात वेगळी असते. बचतीला वाव किती मोठा आहे, हे मात्र निश्चित सांगता येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात किरकोळ दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील साधारण ६० टक्के घरांतून गेले. माणशी हे प्रमाण वर्षाला ७९ किलो होते. या आकड्यात साली, बिया, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, त्यामुळे सगळीच नासाडी टाळता येण्यासारखी नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही टाकून दिलेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे आपण पूर्ण मोजलेले असतात, आणि म्हणूनच ‘घरात काय आहे’ या रकान्याचा मी एवढा आग्रह धरत आहे. बचतीची बाकीची साधने तुलनेने छोटी आहेत : वेगवेगळ्या आकारांच्या पुड्यांची किलोमागे किंवा लिटरमागे किंमत काढून पाहणे, हंगामातील भाज्या घेणे, आणि सवलतीतील वस्तू योजनेत बसत असेल तरच उचलणे.

आरोग्याच्या बाजूने एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. फ्रान्समधील ४०,५५४ प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, जेवणांचे नियोजन करणाऱ्यांच्या आहारात विविधता अधिक आणि पोषणाची गुणवत्ता थोडी चांगली आढळली. पण ती एका वेळची पाहणी होती, त्यामुळे नियोजनामुळे आहार सुधारला की आहाराची काळजी घेणारी माणसेच मुळात नियोजन करतात, याचा निवाडा तिच्यातून होत नाही. पॅड विकणाऱ्यांनी या संशोधनाचा आधार घेताना हा भाग गाळू नये.

मोबाइलवरील नियोजनाच्या ॲपशी तुलना करणे अपरिहार्य आहे. माणसांची संख्या बदलली की परिमाणे आपोआप बदलणे, पाककृतीतून थेट यादी तयार होणे, तीच यादी घरातील दोघांच्या फोनवर एकाच वेळी दिसणे, या गोष्टी कागदाला कधीच जमणार नाहीत, आणि ज्या घरात खरेदी करणारा आणि स्वयंपाक करणारा वेगळा आहे तिथे शेवटची सोय खरोखर मोलाची आहे. पण अशी बरीच ॲप डाव्या बाजूचा तोच दोष अधिक मोठ्या प्रमाणात बाळगतात : ती आकर्षक छायाचित्रांसह नवनवे पदार्थ सुचवतात, प्रत्येक पदार्थाला एखादा असा मसाला किंवा चटणी लागते जिचा चमचाभर वापर होऊन बाटली वर्षभर पडून राहते, आणि वर दरमहा वर्गणी भरावी लागते ती वेगळीच. घरात काय आहे याची नोंद ठेवण्याची सोय काहींत असते, परंतु ती नोंद अद्ययावत ठेवण्यासाठी रोज जे टिपण करावे लागते ते थोड्याच घरांत चालू राहते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फ्रिज उघडून समोर उभे राहणे जलद होते.

कागदाचा आणखी एक फायदा आहे जो वेष्टनावर कोणी छापत नाही. जेवणाचे नियोजन बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या, आणि बहुधा बाईच्या, डोक्यात चाललेले असते. ते काम म्हणून कोणाला दिसत नाही, आणि ‘आज जेवायला काय?’ हा प्रश्न मात्र तिलाच रोज विचारला जातो. बेत दारावर लिहिलेला असला की प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो आधी घरी पोहोचेल त्याला कांदा चिरून किंवा तांदूळ धुऊन सुरुवात करता येते. फोनमध्ये कुलूपबंद असलेल्या योजनेत ही सोय नाही. अर्थात कागद दिसतो म्हणून घरातील सगळे कामाला लागतील अशी खात्री कोणी देऊ नये. पण माहीत नव्हते ही सबब तरी उरत नाही.

बांधणीविषयी थोडक्यात. चुंबकाच्या दोन आडव्या पट्ट्या असलेले पॅड घ्यावे. मध्ये एकच छोटा चौकोन असेल तर दार उघडता-मिटताना पॅड सरकते. स्टेनलेस स्टीलच्या सगळ्याच दारांना चुंबक चिकटत नाही, ते आधी घरातल्या एखाद्या चुंबकाने तपासावे. तारखा छापलेले पॅड टाळावे, कारण प्रवासात किंवा आजारपणात गेलेल्या आठवड्यांची पाने वाया जातात. अतिगुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि पेनाची शाई ओल्या बोटाने पसरते, त्यामुळे साधा, किंचित खरखरीत कागद उत्तम. छिद्रांची रेघ दुकानातच ओढून पाहता आली तर पाहावी. हलक्या पॅडांत ती यादीऐवजी योजनेचाच तुकडा फाडून नेते.

ज्या घरात दोनपेक्षा अधिक माणसे नियमित जेवतात आणि खरेदी आठवड्यातून एकदा होते, त्यांना दिवसाला एक कप्पा आणि भागांत विभागलेली यादी असलेले साधे पॅड मी सुचवेन. एकट्या राहणाऱ्याला, किंवा रोज येता-जाता ताजी भाजी आणणाऱ्याला, त्याचा उपयोग यादीपुरताच होईल आणि तेवढ्यासाठी कोणतीही वही पुरते. भरलेली पाने मात्र फेकू नयेत. सहा-आठ पाने जमली की घरात खरोखर शिजलेले आणि आवडीने खाल्लेले पंधरा-वीस बेत त्यांतून वेगळे काढता येतात, आणि पुढच्या आठवड्याचे पान भरताना डोके खाजवत बसण्याऐवजी त्यांतूनच निवड करता येते. खोडलेले बेतही तितक्याच लक्षपूर्वक पाहावेत, कारण एकच पदार्थ तीन पानांवर लिहून तीनदा खोडला गेला असेल तर त्याच्यासाठी आणून ठेवलेले जिन्नस अजून फडताळातच असण्याची शक्यता बरीच आहे.